सातवं मत

आमच्या मुकादमबाईंचा आवाज मुळात मोठा नव्हता, धुलाईखान्याने तो मोठा केला. सरकारी इस्पितळाच्या तळघरात सहा धुलाईयंत्रं, दोन सुकवणयंत्रं आणि चादरी दाबून काढणारा तो लांबलचक गरम रूळ एकदम सुरू असले, की शेजारणीला ‘सरक’ म्हणायचं तरी घसा फाडावा लागतो. बाई तिथे एकोणतीस वर्षं होत्या. त्यांचे यजमान सांगायचे, ‘हिने घरात मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटतं आमचं भांडण चाललंय.’

मी रुळावर त्यांच्या समोर घडीला उभी असायची. दोघींनी मिळून चादर घडी करताना समोरचीच्या डोळ्यांत बघावं लागतं, नाहीतर कोपरे जुळत नाहीत. नऊ वर्षं मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं, म्हणून त्यांची गोष्ट सांगायचा थोडा हक्क आहे असं मला वाटतं. मधले दोन आठवडे मी बघितलं नाही. तेही सांगणार आहे.

मी कामाला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी इस्पितळात संप झाला. संपाचा पुढारी बाईंचा धाकटा भाऊ, आमच्याच भांडारातला कारकून. बाई संपात होत्या, पहिल्याच दिवशी घोषणा देऊन त्यांचा घसा बसला. पण शस्त्रक्रियेची हिरवी कापडं धुणारं एक यंत्र त्यांनी चालू ठेवलं. म्हणाल्या, ‘ज्याचं पोट उघडून ठेवलंय त्याच्याशी माझं भांडण नाही.’ संपात भाग घेतला म्हणून साहेबांनी लेखी ताकीद दिली. संप फोडला म्हणून संघटनेने फळ्यावर नाव लिहिलं. भाऊ आठ महिने बोलला नाही. बाईंना विचारलं तर म्हणायच्या, ‘दोघांनी एकाच दिवशी शिव्या घातल्या. म्हणजे मनात आणलं तर त्यांचं एकमत होऊ शकतं, एवढं तरी कळलं!’

तर अशा या बाईंचं नाव सोडतीत निघालं.

सकाळी दहाच्या सुमारास दोन अधिकारी पॉलिश केलेल्या बुटांनी आमच्या ओल्या फरशीवर तोल सांभाळत आले. हातात लाखेचा शिक्का मारलेला लिफाफा. बाईंना वाटलं, कुठल्यातरी वॉर्डातून डागाची तक्रार आली.

‘रक्ताचा डाग गरम पाण्याने पक्का होतो, हे मी त्या सिस्टरना दहादा सांगितलंय,’ त्यांनी आधीच सुरुवात केली.

‘बाई, आम्ही देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवड समितीकडून आलोय,’ त्यातला वडीलधारा म्हणाला.

‘मग तिथले पडदे आमच्याकडे येत नाहीत,’ बाई म्हणाल्या.

प्रकरण काय होतं ते थोडक्यात सांगते. आपल्या सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश. त्यातले चार सरकारच्या विचारांचे आणि चार विरोधकांच्या विचारांचे, हे शेंबडं पोरही सांगायचं. नववे एक म्हातारे गृहस्थ होते, ते कधी इकडे मत देत, कधी तिकडे. दोन्हीकडचे लोक त्यांच्या नावाने बोटं मोडायचे, पण दोन्हीकडच्या वकिलांना त्यांच्यासाठी तरी अभ्यास करून यावं लागायचं. ते गेले. आता नववी खुर्ची ज्याची, न्यायालय त्याचं.

निवड करायला सात जणांची समिती असते. तीन सरकारपक्षाचे, तीन विरोधी पक्षाचे आणि सातवा मतदारयादीतून सोडत काढून नेमलेला साधा नागरिक. चार मतं मिळतील तो न्यायाधीश. तीस दिवसांत कुणालाच चार मिळाली नाहीत, तर सरकार आपल्या मर्जीने थेट नेमणूक करतं. म्हणजे सरकारपक्षाला घाई नव्हती. नुसतं बसून राहिलं तरी त्यांचं काम होणार होतं.

त्या आठवड्यात बाईंच्या घराचा उंबरठा झिजला. पहिला आला तो आमच्या प्रभागाचा पुढारी, सरकारपक्षाचा. बाईंचे यजमान बस चालवायचे, डोळे अधू झाल्यामुळे लवकर घरी बसले होते. पुढारी त्यांच्या शेजारी बसून गोड आवाजात म्हणाला, ‘परदेशातल्या मोठ्या डॉक्टरांशी बोलू का काकांच्या डोळ्यांचं?’

बाई काही बोलायच्या आत काकाच म्हणाले, ‘नको रे बाबा. मला अंधुक दिसतंय तेच बरं. तुझा चेहरा स्पष्ट दिसायला लागला तर माझी झोप उडेल.’

दुसरा आला तो भाऊ. आठ महिन्यांच्या अबोल्यानंतर दोघं कामापुरतं बोलत होते, पण घरी तो कित्येक वर्षांत आला नव्हता. बाईंनी चहा टाकला. तो म्हणाला, ‘ताई, तुझ्याकडे काही मागायला आलो नाही. फक्त हिशेब समजून घे. आमच्या उमेदवाराला तू मत दिलंस तर तीन आणि एक चार. न दिलंस तर महिना संपेल आणि ते त्यांचा माणूस बसवतील. तू मध्ये उभी राहिलीस म्हणजे तू त्यांच्याच बाजूला उभी राहिलीस.’

‘आणि तुमचा माणूस आला तर?’

‘तर निकाल आपल्या बाजूने लागतील.’

‘सगळे?’

‘सगळे!’

‘खटला उभा राहायच्या आधीच?’

भाऊ चिडला. ‘ताई, ते लोक नियमाने खेळत नाहीत आणि तू नियमाचं पुस्तक काढून बसतेस.’

ही गोष्ट बाईंनीच मला दुसऱ्या दिवशी चादरींच्या ढिगाआड सांगितली. म्हणाल्या, ‘त्याचं बोलणं खोटं नाही गं. तेच तर टोचतंय.’ मला वाटलं, आता त्या भावाचं ऐकणार. मी मनातून भावाच्याच बाजूची होते. आमच्या नोकऱ्यांचे, कंत्राटाचे खटले त्या न्यायालयात जाणार हे आम्हा सगळ्याजणींना माहीत होतं.

मुलाखती दूरचित्रवाणीवर दाखवल्या. आम्ही उपाहारगृहात दाटीवाटीने उभं राहून बघितल्या. लांब टेबलामागे सात खुर्च्या आणि शेवटच्या खुर्चीत आमच्या बाई, सोड्याने भेगाळलेले हात टेबलावर ठेवून.

सरकारपक्षाचा उमेदवार देखणा होता, बोलणं तर लोण्यासारखं. बाईंनी त्याला विचारलं, ‘साहेब, स्वतःच्या मनाविरुद्ध एखादा निकाल दिलाय का तुम्ही? कायदा तसा सांगत होता म्हणून?’

तो हसून म्हणाला, ‘न्यायाधीशाला मन नसतं.’

‘मग वर्तमानपत्रात दर आठवड्याला लेख कोण लिहितं?’ बाईंनी विचारलं. उपाहारगृहात हशा पिकला.

विरोधकांच्या उमेदवाराला त्यांनी तोच प्रश्न टाकला. तो नामांकित विद्वान होता. म्हणाला, ‘माझा प्रत्येक निकाल दुबळ्यांच्या बाजूने होता.’

‘तीस वर्षांत एकदाही दुबळ्याची चूक नव्हती?’

‘तुम्ही स्वतः कष्टकरी असून हे विचारता?’

‘कष्टकरी आहे म्हणूनच विचारते. आमच्यातही लबाड असतात. दोघीतिघींची नावं आत्ता सांगू शकते.’ यावर आमच्याकडे हशा झाला नाही. दोघीतिघींनी खाली बघितलं.

तिसरा उमेदवार नुसता ज्येष्ठतेच्या नियमाने यादीत आलेला, लांबच्या जिल्ह्यातून वर चढलेला. त्याला दहा मिनिटांत उरकायचं असं ठरल्यासारखंच होतं. फाइलीचे कोपरे दुमडलेले, बोलणं सावकाश. बाईंचा प्रश्न ऐकून त्याने समोरची फाइल मिटली.

मग म्हणाला, ‘नदीकाठच्या साठ घरांचा खटला होता. जमीन मालकाची होती, कागद चोख होते. मी घरं रिकामी करायचा निकाल दिला. त्यानंतर आठवडाभर मी घरी कुणाशी धड बोललो नाही. दोन वर्षांनी तसाच दुसरा खटला आला. तिथे नोटीस नीट दिली नव्हती, म्हणून मालक हरला. पहिल्या वेळी मला गरिबांचा वैरी म्हणाले, दुसऱ्या वेळी मालकांचा. मला आजही पहिला निकाल चुकला असं वाटत नाही. पण बरं वाटलं, असंही नाही.’

बाईंनी पुढे काही विचारलं नाही.

मतदान रोज अकराला, हात वर करून, कॅमेऱ्यासमोर. बाई सकाळची अर्धी पाळी करून जायच्या. पहिल्या दिवशी तीन हात सरकारच्या माणसाला, तीन विरोधकांच्या माणसाला आणि एक हात त्या तिसऱ्याला. दुसऱ्या दिवशी तेच, आठव्या दिवशीही तेच.

समितीचे अध्यक्ष सरकारपक्षाचे. ते कनवाळूपणाचा आव आणून म्हणाले, ‘बाई, तुमचं मत रोज वाया जातंय.’

‘माझंच आहे ना? मग मलाच वाया घालवू द्या.’

बाहेर मात्र रान पेटलं. एका वाहिनीवर त्यांना विकली गेलेली म्हणाले, दुसरीवर अडाणी. इस्पितळाच्या फाटकावर दोन्ही पक्षांचे लोक जमायला लागले, एकाचे सकाळी तर दुसऱ्याचे दुपारी. कुणीतरी आमच्या दारावर रंगाने लिहून ठेवलं, ‘धोब्याचा कुत्रा, ना घरचा ना घाटचा.’ बाईंनी ते उभं राहून नीट वाचलं आणि फाटकापाशी जाऊन, यंत्रं सुरू असताना वापरायचा तो आवाज काढून म्हणाल्या, ‘ज्याने लिहिलंय त्याने नीट ऐकावं. मी धोब्याचा कुत्रा नाही. मी धोबीण आहे! घरही माझं आणि घाटही माझा. रंग पुसायला कधी येताय तेवढं सांगा.’

बोलायला त्या खमक्या होत्या, पण आत जखम होत होती. चहाच्या सुटीत त्यांच्या बाकावर कुणी बसेना. भावाने परत बोलणं टाकलं. आणि मी? पंधराव्या दिवशी मी सरळ म्हणाले, ‘बाई, तुमच्या हट्टापायी आमचं वाटोळं होणार. तुमचं काय, तीन वर्षांत निवृत्त व्हाल. आम्ही कुठे जायचं?’

त्या चादरीचं टोक धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘तू म्हणतेस तसं होऊ शकेल. मी नाही म्हणत नाही.’

‘मग मत बदला.’

‘नाही बदलणार.’

त्यानंतर दोन आठवडे मी घडी घालताना त्यांच्याकडे बघितलं नाही. चादरींचे कोपरे वाकडे यायला लागले, वॉर्डातून तक्रारी आल्या. बाईंनी त्या स्वतःच्या नावावर घेतल्या.

सत्ताविसाव्या दिवशी समितीतल्या विरोधी पक्षाच्या ज्येष्ठ सभासद, पूर्वी मंत्री होत्या त्या, सभागृहाबाहेरच्या ओट्यावर आमच्या बाईंजवळ येऊन बसल्या. अगदी हताश होऊन म्हणाल्या, ‘आता तरी आमच्याकडे या. तीनच दिवस राहिले.’

बाई म्हणाल्या, ‘तुम्ही माझ्याकडे का येत नाही? चार हात चारच असतात, कुठूनही मोजा.’

‘पण तो माणूस आमचा नाही.’

‘त्यांचाही नाही. उद्या तुमचं सरकार येईल. तेव्हा तुमचं चुकलं तर तुम्हाला कोण सांगणार? तुमचाच माणूस? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. घरात चालतं ते. न्यायालयात चाललं तर आमच्यासारख्यांनी जायचं कुठे?’

तिसाव्या दिवशी मतदानाआधी बाईंनी पाच मिनिटं मागितली. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघत दिली. आम्ही काम थांबवून उपाहारगृहात उभ्या होतो. मी मागे भिंतीला टेकून होते, कुणाला दिसू नये अशी.

बाई उठल्या. कागद वगैरे काही नव्हता. म्हणाल्या, ‘महिनाभर मला सगळे समजावतायत की मी मध्ये उभी आहे म्हणजे मला मत नाही. मला मत आहे. संपात मी घोषणा दिल्यात, आणि उद्या पुन्हा देईन. पण न्यायाधीश निवडताना मला माझ्या घोषणा म्हणणारा पोपट नको. तुम्हीच सांगता की आठ जण आधीच ठरवून बसलेत. आता नववाही ठरवूनच आणायचा असेल, तर सुनावणी कशाला? वकिलांचे घसे कशाला कोरडे करता? निकाल टपालाने पाठवा आणि न्यायालयाची इमारत आम्हाला द्या. इस्पितळाच्या धुलाईखान्याला जागा कमी पडते.’

बाई पुढे म्हणाल्या, ‘मला असा एक माणूस द्या जो खटला ऐकून ठरवेल. तो माझ्याविरुद्ध ठरवेल, चालेल. पण ऐकून. बास, एवढंच.’

मतदान सुरू झालं. तिसऱ्या उमेदवाराचं नाव पुकारल्यावर बाईंचा हात वर गेला. मग माजी मंत्रीबाईंचा, हळूहळू. मग त्यांच्या शेजारच्याचा. त्यांचा तिसरा सहकारी हाताची घडी घालून बसून राहिला, तो शेवटपर्यंत हलला नाही. तीन हात. अध्यक्षांनी निकाल सांगायला तोंड उघडलं, इतक्यात त्यांच्या डाव्या हाताला बसलेल्या एका डॉक्टरने हात वर केला. सरकारपक्षाचा तरुण खासदार तो, महिनाभर त्याने मिठाची गुळणी धरली होती.

अध्यक्ष त्याच्याकडे बघतच राहिले. ‘तुम्ही चुकून हात वर केलाय का?’

‘नाही,’ डॉक्टर म्हणाला. पुढच्या निवडणुकीत त्याला त्याच्या पक्षाने तिकीट दिलं नाही.

इथे गोष्ट संपवली असती तर सगळं गोड झालं असतं. पण पुढचं ऐका.

दीड वर्षाने आमचा खटला त्या न्यायालयात आला. धुलाईखाना बंद करून काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचं सरकारने ठरवलं होतं. निकाल लागला पाच विरुद्ध चार, सरकारच्या बाजूने. पाचवं मत बाईंच्या माणसाचं.

मी निकालाची छापील प्रत घेऊन तळघरात गेले आणि बाईंच्या पुढ्यात टाकली. ‘घ्या! ऐकून ठरवलंय म्हणे.’

बाईंचा चेहरा उतरला. खोटं कशाला सांगू, त्यांचे डोळे भरले होते. पण त्या म्हणाल्या, ‘वाच मला. माझं नुसतं शिव्या देऊन भागत नाही. सगळं वाच.’

चार दिवस जेवणाच्या सुटीत मी त्यांना तो निकाल वाचून दाखवला. अर्धं कळलं, अर्धं नाही. एकतिसाव्या पानावर बाईंनी हात वर करून मला थांबवलं. तिथे नववे न्यायाधीश लिहीत होते, कंत्राटामुळे रुग्णांच्या सुरक्षिततेत फरक पडतो असं दाखवणारं काहीही आमच्यासमोर आलं नाही.

‘पुन्हा वाच.’

मी वाचलं.

‘समोर आलं नाही म्हणतोय,’ बाई म्हणाल्या. ‘आपल्या वकिलाने नुसती भाषणं ठोकली. अगं, शस्त्रक्रियेचं कापड एकाहत्तर अंशांवर पंचवीस मिनिटं धुवायचं हा सरकारचाच नियम आहे. कंत्राटात आहे का कुठे?’

नव्हता. आम्ही कंत्राट मिळवून वाचलं. मग दुसऱ्या गावच्या इस्पितळातल्या धुलाईबायकांकडून त्याच कंत्राटदाराच्या यंत्रांच्या तापमानाच्या नोंदी मिळवल्या. पंचावन्न अंश. कधी पन्नास. हे गोळा करायला आम्हाला सात आठवडे लागले, आणि त्यात मी घरच्यांपेक्षा बाईंचं तोंड जास्त बघितलं.

फेरविचाराचा अर्ज द्यायला आम्ही दोघी न्यायालयाच्या खिडकीवर गेलो. आतल्या कारकुनाने नाव वाचलं आणि मान वर केली. ‘त्या समितीतल्या तुम्हीच ना? म्हणजे तुम्हीच त्यांना नेमलं आणि आता तुम्हीच त्यांच्या निकालाविरुद्ध?’

‘हो,’ बाई म्हणाल्या. ‘शिक्का मारा.’

सुनावणीला सरकारी वकील उठून म्हणाला, अर्जदार बाईंनी नवव्या न्यायमूर्तींना निवडलं होतं, तेव्हा न्यायमूर्तींनी या खटल्यातून बाजूला व्हावं. न्यायमूर्तींनी चष्मा काढला. म्हणाले, ‘यांनी मला निवडलं आणि मी यांच्याविरुद्ध निकाल दिला. तेव्हा तुम्हाला माझी अडचण वाटली नव्हती.’ वकील खाली बसला. न्यायमूर्तींनी बाईंकडे एकदाही ओळखीचं बघितलं नाही. त्यांनी तापमानाच्या नोंदींबद्दल आमच्या वकिलाला इतके प्रश्न विचारले की त्याला घाम फुटला. बाई माझा हात दाबत होत्या.

निकाल सहा विरुद्ध तीन लागला. म्हणजे पलीकडच्या चारांतलाही एक जण वळला. कंत्राट रद्द झालं नाही, पण तापमानाचा नियम त्यात घालेपर्यंत ते थांबवलं, आणि शस्त्रक्रिया व भाजलेल्या रुग्णांची कापडं इस्पितळातच धुवायची असं ठरलं. आमच्यातल्या अर्ध्याजणी राहिल्या. बाकीच्यांना वॉर्डात पाठवलं, काहींनी काम सोडलं. मी राहिले.

भाऊ फाटकावर भेटला. म्हणाला, ‘ताई, आमचा माणूस असता तर पहिल्याच वेळी पूर्ण जिंकलो असतो. आतातरी कबूल कर.’

‘जिंकलो असतो,’ बाई म्हणाल्या. ‘आणि सरकार बदललं की दुसऱ्याच दिवशी हरलो असतो. एकही पान न वाचता. चल, चहा घे.’

तो तसाच उभा राहिला, मग आला. चहा पिताना दोघं परत भांडले.

दुसऱ्या दिवशी बाई रुळापाशी निकालाची नवी प्रत घेऊन बसल्या होत्या. वॉर्डात पाठवलेल्या बायकांबद्दलचा परिच्छेद त्यांना पटला नव्हता. समासात पेन्सिलीने मोठी फुली मारलेली होती.

‘इथे पुन्हा चुकलाय तो,’ त्या म्हणाल्या. ‘चष्मा लाव आणि कागद घे. लिहायला सुरुवात करू.’